ताटल्या पडल्या की पाडल्या?

जॅक्सन हाइट्स, न्यूयॉर्क
शनिवार, रात्र

प्रिय बंड्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लगेच द्यायचं होतं, पण पोरांना इंग्रजी बोलायला कसं शिकवावं, हा तुझा प्रश्न दोन ओळींत भागणारा नव्हता. ‘वर्गातल्या पोरांना दोनशे शब्द तोंडपाठ आहेत, पण एकालाही तहान लागली हे इंग्रजीत सांगता येत नाही,’ हे वाचलं आणि आपलाच वर्ग आठवला. आपलं इंग्रजी पाचवीत सुरू झालं. बाहेर धो धो पाऊस, आत आपण ‘अम्ब्रेला म्हणजे छत्री’ म्हणून कोकलतोय, आणि शाळा सुटली की ‘ए, माझी छत्री कुणी ढापली?’ तुझ्या पोरांना २००० सालापासून पहिलीतच इंग्रजी आहे, पण कोकलणं तेच दिसतंय.

आता माझं ऐक. गेली दोन वर्षं मी शनिवारी सकाळी इथल्या एका वाचनालयाच्या तळघरात इंग्रजी शिकवतो. फुकट. ही हसण्याची बाब आहे, हस. बारावीला इंग्रजीत काठावर पास झालेला माणूस न्यूयॉर्कात इंग्रजीचा मास्तर! पण माझे विद्यार्थी सगळे स्पॅनिश बोलणारे. आमच्या भागाची रचनाच तशी आहे. चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर आपली साड्यांची, सोन्याची, मसाल्याची दुकानं, आणि तिथून रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यूला वळलास की डोक्यावरच्या पुलावरून सात नंबरची मेट्रो गाडी धडधडत जाते आणि खाली कोलंबियन अरेपा, मेक्सिकन तमाले असले मक्याचे पदार्थ. वर्गात एक्वादोरचे लोक आहेत, पुएब्लाकडचे मेक्सिकन आहेत, दोन कोलंबियन बायका आहेत. कुणी हॉटेलात भांडी घासतं, कुणी घरं साफ करतं, कुणी बांधकामावर. माझं स्पॅनिश त्यांच्या इंग्रजीइतकंच मोडकं, त्यामुळे कुणी कुणाला लाजत नाही.

सुरुवातीला मीही शब्दांच्या याद्याच दिल्या. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे स्पॅनिश. त्या याद्यांची कशी फजिती झाली ते सांगतो. एकाने अभिमानाने सांगितलं, ‘आय विन ट्वेंटी डॉलर्स अ‍ॅन अवर.’ मला वाटलं लॉटरी लागली. स्पॅनिशमध्ये ‘गानार’ म्हणजे कमावणंही आणि जिंकणंही. यादीत त्याने एक बाजू उचलली होती. दुसरी उशिरा आली आणि म्हणाली, ‘आय लॉस्ट द बस.’ ‘पेर्देर’ म्हणजे हरवणं आणि गाडी चुकणं, दोन्ही. मी हसलो नाही, कारण मनात आलं, आपण तरी काय म्हणतो? ‘बस चुकली.’ उशीर आपल्याला, चूक बसची!

पण ज्याच्यामुळे माझं शिकवणंच बदललं तो प्रसंग वेगळा. एक्वादोरमधल्या क्वेंकाकडचा एक तरुण, हॉटेलात भांडी घासणारा. त्याच्या हातून ताटल्यांची चवड फुटली. मालक धावत आला, काय झालं म्हणून विचारलं. हा म्हणाला, ‘द प्लेट्स फेल’, म्हणजे ताटल्या पडल्या. मालक भडकला. ताटल्या काय आपोआप पडतात? तुझी चूक कबूल करायला काय होतं? पोरगा आठवडाभर अस्वस्थ. वर्गात येऊन म्हणाला, मी खोटं काय बोललो? माझ्यासोबत शिकवणारी एक निवृत्त अमेरिकन बाई आहे, तिला वाटलं क्रियापद चुकलं. मला मात्र क्षणात कळलं, कारण स्पॅनिशमध्ये तो म्हणाला असता, ‘से मे कायेरोन लोस प्लातोस’, म्हणजे आपल्या मराठीत ‘माझ्या हातून ताटल्या पडल्या.’ तू आणि मीही हेच म्हणालो असतो. आपण म्हणतो पडल्या, पाडल्या म्हणत नाही, कारण मुद्दाम कोण पाडतं? इंग्रजीत मात्र माणूस समोर येऊन ‘आय ड्रॉप्ड देम’, म्हणजे ‘मी पाडल्या’, असं म्हणतो. मी त्याला ते शिकवलं तर तो म्हणे, पण मी मुद्दाम नाही केलं! मग निम्मा तास त्यावरच गेला. शेवटी त्याला पटलं की ‘ड्रॉप’मध्ये गुन्ह्याची कबुली नाही, फक्त हात कुणाचा होता एवढंच आहे.

पुढच्या शनिवारी पोरगा वहीत पाच ‘ड्रॉप’ घेऊन आला. कपडे धुण्याच्या दुकानावर ‘ड्रॉप ऑफ’ची पाटी. शाळेपुढे मुलांना सोडायच्या जागेवर तेच. टॅक्सीवाल्याला कुणी तरी म्हणालं, ‘ड्रॉप मी अ‍ॅट द कॉर्नर.’ शेजारीण म्हणाली, ‘ड्रॉप बाय समटाइम’, म्हणजे कधी तरी डोकाव. आणि टीव्हीवर तापमान ड्रॉप झालं. मी यादी दिली असती तर एकच ‘ड्रॉप’ दिला असता, तोही थेंब म्हणून.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. आठवड्यात ऐकलेलं एक वाक्य आणायचं, आणि त्याखाली लिहायचं की ते कोण म्हणालं, कुणाला म्हणालं आणि त्या वेळी हातात काय होतं. हातात काय होतं हे महत्त्वाचं. भांडी घासणारा एक जण ‘एटी सिक्स’ घेऊन आला. इथल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात एखादा पदार्थ संपला की ‘एटी सिक्स द सामन’ असं ओरडतात. त्याला शहाऐंशी आकडा नीट म्हणता येत नव्हता, पण हे ऐकलं की हात थांबवायचा हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. मागून गरम पातेलं घेऊन जाताना ‘बिहाइंड!’ ओरडायचं, हेही त्याने मला शिकवलं. आणि ‘स्टँड क्लिअर ऑफ द क्लोझिंग डोअर्स, प्लीज’ ही मेट्रो गाडीतली घोषणा, म्हणजे दारं बंद होताहेत, लांब उभे राहा, तर सगळ्यांना पाठ. त्यातला ‘क्लिअर’ म्हणजे काय, हे मात्र कुणाला सांगता येईना. स्पॅनिशमधला ‘क्लारो’ आठवून एक जण म्हणाला, ‘स्वच्छ उभे राहा.’

एक गंमत तुला आवडेल. अवघड वाटणारे इंग्रजी शब्द त्यांना सोपे जातात. ‘एक्स्टिंग्विश’ (विझवणं), ‘पोस्टपोन’ (पुढे ढकलणं), ‘टॉलरेट’ (सहन करणं) हे त्यांच्याकडे थोड्याफार फरकाने आहेतच, सगळं लॅटिनचं माहेर. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर त्यांच्या फ्रेंचमधून, आणि पुढे थेट लॅटिनमधूनही, असले शब्द ढिगाने इंग्रजीत आले. त्यामुळे माझी एक विद्यार्थिनी ‘आय कॅनॉट टॉलरेट द ह्युमिडिटी’ असं वकिलासारखं बोलते, आणि ‘पुट अप विथ’ ऐकलं की गांगरते. ‘पुट आउट’, ‘पुट ऑफ’, ‘पुट अप विथ’ हे त्याच अर्थांचे चिल्लर शब्द त्यांचा जीव काढतात. मला त्यांची दया येते, कारण परदेशी माणसाला ‘खाऊन घे’, ‘खाऊन टाक’, ‘खाऊन बघ’ आणि ‘खाऊन ये’ मधला फरक समजावून बघ एकदा.

मात्र संदर्भाने सगळं सुटतं असं समजू नकोस. मीही तसा उड्या मारत होतो. कोलंबियन बाई सहा वर्षं ‘अ‍ॅक्चुअली आय वर्क इन अ बेकरी’ म्हणत होती. तिच्या मनात ‘आक्त्वालमेंते’, म्हणजे ‘सध्या’. ऐकणाऱ्याला वाटे, ‘खरं तर’. दोन्ही अर्थ वाक्यात बसतात, म्हणून कुणी टोकलं नाही! ‘एम्बारासादा’सारखा शब्द बरा, त्याचा अर्थ गरोदर, तो चुकला की लगेच हशा पिकतो आणि जन्मभर लक्षात राहतो. मुकाट्याने बसणाऱ्या चुकीचं काय? तिथे मी दोन वाक्यं शेजारी शेजारी मांडतो आणि भांडण लावून देतो.

‘लाइक’वर तर मीच विद्यार्थ्यांच्या बाजूने भांडतो. ‘मे गुस्ता एल काफे’ आणि ‘मला कॉफी आवडते’ एकाच साच्यातली वाक्यं. कॉफी कर्ता, आपण नुसते पावणारे. मग ‘द कॉफी लाइक्स मी’ म्हणाले तर चुकलं कुठे? आपल्यात आणि त्यांच्यात आणखीही धागा आहे. पोर्तुगिजांमुळे आपल्याकडे आलेले पगार, पाव, बादली हे त्यांच्या ‘पागार’, ‘पान’, ‘बाल्दे’चे भाऊबंदच. ‘पागार’ म्हणजे पैसे देणं. मी ‘पगार झाला’ म्हटलं की वर्ग टाळ्या वाजवतो.

तुझ्या पोरांसाठी काय सुचवू? तुझा वर्ग मला माहीत नाही, पण त्यांच्या आजूबाजूला रेंज, बॅलन्स, चार्जिंग, स्टार्टर, फवारणीच्या डब्यावरची अक्षरं आहेतच. ‘मोटर ट्रिप झाली’ हे शेतातलं पोरगं रोज ऐकतं आणि शाळेत ‘ट्रिप म्हणजे सहल’ घोकतं. एकदा ही दोन ‘ट्रिप’ फळ्यावर शेजारी लिही आणि गप्प बस. काय होतं ते मला कळव.

पुढच्या शनिवारी ‘गेट’ (मिळवणंवाला, फाटकवाला नव्हे) हा एकच शब्द घ्यायचा ठरवलाय, पूर्ण तास. मला आतापासूनच घाम फुटलाय.

आईंना नमस्कार सांग. वहिनींनी पाठवलेला काळा मसाला संपत आलाय, हे मुद्दाम लिहितो.

तुझाच,
बाळ्या

ता. क. परवा वर्गात मी स्वतःशीच पुटपुटलो, ‘सोपा आहे.’ सगळ्यांनी वळून पाहिलं. ‘सोपा’ म्हणजे त्यांच्याकडे सूप. एका बाईने विचारलं, कसलं? आता ती दर शनिवारी विचारते.