शाई भरणाऱ्यांची नावे कुठे गेली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतला कॉमिक्सच्या चित्रकारांवरचा लेख वाचला. पेन्सिलीने चित्र काढणाऱ्यांचे भरभरून कौतुक; त्यावर शाई चढवणाऱ्यांचे मात्र एकही नाव नाही!

अमेरिकन कॉमिक्सचे चित्रकार जॅक कर्बी यांचीच पाने पाहा. त्यांच्या 'फँटास्टिक फोर' या कॉमिक्स मालिकेच्या 44व्या अंकापासून (1965) जो सिनॉट नियमित शाईकाम करू लागले आणि कर्बींच्या रेषेला गुळगुळीत, ठसठशीत झळाळी आली. यंत्रे खरोखर धातूची वाटू लागली. त्याच काळात कर्बींच्याच 'थॉर' मालिकेवर शाईकामाला व्हिन्स कोलेटा होते. त्यांची बारीक, खरखरीत रेघ त्या पौराणिक वातावरणाला शोभायची, हे मान्य. पण वेळ वाचवायला ते मागची माणसे, इमारतींचे तपशील चक्क खोडून टाकत. मूळ पेन्सिलचित्रांच्या प्रती शेजारी ठेवल्या की जीव हळहळतो. (अंक वेळेवर निघायचे, तेही अशाच झपाट्यामुळे म्हणा.)

माझ्या मनातली जोडी सांगतो : पेन्सिल जीन कोलन यांची, शाई 'हेलबॉय'कार माइक मिन्योला यांची. कोलन यांच्याकडे धूसर छटाच छटा. त्यांच्या चित्रांवर शाई चढवणाऱ्या टॉम पामर यांनी त्या निगुतीने सांभाळल्या. मिन्योला करडे काही ठेवणार नाहीत. सपाट काळा आणि कोरा कागद, बस्स. कोलन यांचे धुके त्यात नाहीसे होईल? होऊ द्या. त्यांच्या तिरप्या, घसरत्या चौकटींचा सांगाडा तरी उघडा दिसेल.

पुढच्या लेखात निदान पामर आणि क्लाउस जॅन्सन या शाईकारांना एकेक परिच्छेद द्यावा, ही विनंती.

आपला,
एक जुना कॉमिक्सवाचक