चि. मुक्तास

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर आपले बोलणे जिथे तुटले, तिथून ते पत्रात पुढे नेऊ नये, असे तुझ्या आईने मला बजावले आहे. परंतु अध्यापनाची कायम जागा नाकारून तू पुन्हा २ वर्षांच्या करारावर संशोधनासाठी स्टिकलबॅक या छोट्या काटेरी माशांच्या मागे जाणार म्हणतेस, तेव्हा करार संपल्यावर पुढे काय, हे कोणीतरी विचारायलाच हवे.

सीलाकँथची गोष्ट तू नेहमी रंगवून सांगतेस. १९३८ साली दक्षिण आफ्रिकेत मार्जोरी कोर्टनी-लॅटिमर यांना ट्रॉलरवरच्या ढिगात तो निळसर मासा दिसला आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष मानलेला गट जिवंत निघाला, इथपर्यंत तुझा आवाज चढलेला असतो. त्या माशाला नाव देणाऱ्या जे. एल. बी. स्मिथ यांना दुसरा नमुना मिळायला १९५२ साल उजाडले, हे मात्र तू भरभर उरकतेस. पहिला मासा ओळखला तेव्हा ते पोटासाठी रसायनशास्त्र शिकवत होते, हे तर मलाच वाचून काढावे लागले. मासे आणि चार पायांचे प्राणी यांच्यामधला दुवा मानला जाणारा टिक्टालिक शोधणारेही १९९९ पासून आर्क्टिकमध्ये हिंडत होते, तेव्हा कुठे २००४ मध्ये एल्समियर बेटावर तो सुमारे ३७.५ कोटी वर्षांपूर्वीचा जीवाश्म हाती लागला. पण घरी परतल्यावर त्यांच्या नोकऱ्या जागेवर होत्या. इतकी वर्षे वाट पाहणे करारावरच्या माणसाला कसे झेपावे?

हे व्याख्यान झाले, राग मानू नकोस. प्रयोगशाळेत तू माझ्या हातात दिलेल्या त्या दोन बाटल्या मला आजही डोळ्यांपुढे दिसतात: मांस काचेसारखे पारदर्शक केलेले, हाडे लाल, कूर्चा निळी. समुद्रातल्या माशाच्या पोटाखाली काटे होते, सरोवरातल्याच्या नव्हते. काटे घडवणारे जनुक सरोवरातल्या माशातही शाबूत आहे, केवळ त्या जागी ते चालू करणारा डीएनएचा तुकडा गळाला आहे आणि हे सारे हिमयुग ओसरल्यानंतरच्या थोड्या हजार वर्षांत घडले, असे तू सांगत होतीस. त्या वेळी मी काहीच बोललो नाही, कारण दादाच्या वेळेस जे झाले ते मनात होते. तुझा शोधनिबंध मला निम्माही कळला नाही, तरी लेखकांत तुझे नाव पहिले आहे हे मी वहिनीच्या वडिलांना दोनदा ऐकवले, आणि त्यांनी लगेच विचारले, ‘नोकरी पक्की का?’ मी विषय बदलला.

तुझ्या निर्णयाच्या आड मी येणार नाही. फक्त सही करण्यापूर्वी दुसऱ्या वर्षाचे वेतन निश्चित आहे की अनुदान मंजूर झाल्यासच मिळणार, हे लेखी मागून घे, आणि ते कागद मलाही पाठव. गार पाण्यात उतरताना गुडघ्याचा पट्टा विसरू नकोस.

तुझा,
बाबा