सर, 15.9 या आकड्याबद्दल आभार

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

विसर्जन मिरवणुकीत आवाज मोजायला निघण्यापूर्वी आम्ही सगळेच मीटरच्या मायक्रोफोनवर कॅलिब्रेटर, म्हणजे ठरलेल्या पातळीचा स्वर काढणारं छोटं उपकरण, बसवतो आणि 1000 हर्ट्झवर 94 डेसिबल दिसले की मीटर ठीक समजून बाहेर पडतो. कॅलिब्रेटरला बाहेरून सिग्नल कसा द्यायचा आणि तो का द्यायचा, हे तुम्ही शिकवलंत. इतर मोजणाऱ्यांच्याही उपयोगी पडावं म्हणून हे पत्र उघड लिहीत आहोत.

ए आणि सी वेटिंग म्हणजे मीटरमधले दोन फिल्टर: ए खालचे स्वर बरेच दाबतो, सी फारच थोडे. 1000 हर्ट्झवर दोन्हींची दुरुस्ती शून्य. त्यामुळे मीटरचा ए फिल्टर खालच्या फ्रिक्वेन्सीला बिघडलेला असला, तरी पडद्यावर 94 च येणार. आणि डीजेचा खरा दणका तर 63 आणि 125 हर्ट्झच्या पट्ट्यांत असतो! तिथली तपासणी राहूनच जायची.

बाहेरचा सिग्नल जोडल्यावर कॅलिब्रेटरच्या पोकळीत, म्हणजे मायक्रोफोन बसतो त्या जागेत, नेमके किती डेसिबल तयार होतात याची खात्री उरत नाही, इथे आमचं घोडं अडलं होतं. तुम्ही म्हणालात, पातळी कळायची गरजच नाही, ती स्थिर असली की पुरे. ए आणि सी मधला फरक बघा. 125 हर्ट्झवर ए उणे 16.1, सी उणे 0.2, म्हणून फरक 15.9. 63 वर उणे 26.2 आणि उणे 0.8, म्हणजे 25.4. साइन सिग्नल (एकाच फ्रिक्वेन्सीचा शुद्ध स्वर) चालू ठेवायचा, कॅलिब्रेटरला हात न लावता फक्त वेटिंग बदलायचं आणि वजाबाकी करायची. फरक अर्ध्या डेसिबलहून जास्त चुकला, तर त्या मीटरवर आम्ही मोजणी करत नाही. मायक्रोफोनचा स्वतःचा दोष मात्र यात सापडत नाही, कारण तो दोन्ही आकड्यांत सारखाच उतरतो. हेही तुम्हीच बजावलं होतंत.

सगळ्यात मोलाची ठरली ती सिग्नलच्या विकृतीबद्दलची (डिस्टॉर्शन) सूचना. पोकळीतला स्पीकर इवलासा. 63 हर्ट्झवर जोर दिला की तो फाटका वाजतो आणि तिप्पट फ्रिक्वेन्सीचा, म्हणजे 189 हर्ट्झचा स्वर मिसळतो. ए वेटिंग 63 ला जितकं दाबतं, त्यापेक्षा 189 ला सुमारे 15 डेसिबलने कमी दाबतं. त्यामुळे हा भेसळ स्वर मूळच्या 10 टक्के असला, तरी ए चा आकडा एक डेसिबलहून जास्त फुगतो आणि चांगल्या मीटरवर उगाच ठपका येतो. तुमची युक्ती साधी: व्होल्टेज निम्मं करा. ए आणि सी दोन्ही आकडे 6 डेसिबलने उतरले, तर सिग्नल स्वच्छ. ए जास्त उतरला, तर आधीचा जोर जास्त होता.

पण फार खालीही जाता येत नाही. सी वर 94 असताना 63 हर्ट्झला ए वर जेमतेम 68 ते 69 दिसतात; खोलीतला आवाज ए वर त्याहून 15 डेसिबल तरी कमी हवा. रस्त्याकडेची खिडकी बंद, पंखा बंद. सिग्नल देणारा लॅपटॉप बॅटरीवर, कारण चार्जरमधून येणारी 50 हर्ट्झची घरघर सी मध्ये जवळपास पूर्ण मोजली जाते. साउंड सेटिंगमधलं बास बूस्टही बंद, नाहीतर सिग्नल आधीच फाटतो. व्होल्टेज मोजायला साधा मल्टिमीटर 63 आणि 125 ला चालतो, पण 4000 हर्ट्झवर अनेक स्वस्त मल्टिमीटर चुकीचं दाखवतात, हा इशाराही लक्षात आहे.

जनरल रेडिओ या कंपनीच्या जुन्या 1552-बी कॅलिब्रेटरला स्वतःचा ऑसिलेटर नसायचा, सिग्नल बाहेरूनच द्यावा लागायचा, हे तुमच्याकडूनच कळलं. आम्ही ज्याला जादा सोय समजत होतो, ती एकेकाळची रोजची रीत होती.

अर्धा इंची मायक्रोफोन कॅलिब्रेटरमध्ये बसवायचा तुमचा अडॅप्टर अजून आमच्याकडेच आहे. त्याची ओ-रिंग (फट हवाबंद ठेवणारी रबरी कडी) कडक होऊन चिरली होती. तिथून हवा गळायची, म्हणून 63 हर्ट्झवर आकडा हलत होता. नवी रिंग बसवली आहे, आकडा आता स्थिर आहे. मिरवणूक आटोपली की आणून देतो.

तुमचे ऋणी,
आवाज मोजणारे आम्ही सगळे