दोन इंजिनांची बोट हाती घेण्याआधी

मु. पो. धरणाजवळ, ता. पवनी, जि. भंडारा

प्रिय बंड्या,

तू आता समुद्रावर मालकाची दोन इंजिनांची बोट हाती घेणार, म्हणून फोनवर विचारलंस, "दोन इंजिनांच्या बोटीत वेगळं काय असते बे? स्टीअरिंग तर एकच न?" इथं गोसेखुर्दच्या काठावर रेंज घडीभर येते न घडीभर जाते, अन् हा विषय तुटक तुटक सांगण्यासारखा नाही. रोवणी आटोपली आहे, म्हणून बसून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढ. ३०० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं म्हणजे दुप्पट स्पीड नव्हे. वेग वाढला की पाण्याचा विरोध त्याहून झपाट्यानं वाढतो, वरून दुसऱ्या इंजिनाचं वजन बोटीच्या मागच्या बाजूवर येऊन बसतं. मालक लोक दुसरं इंजिन घेतात ते जड बोट उचलायला, अन् भर समुद्रात एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घरी येता यावं म्हणून. बाकी काठावरच्यांना दाखवायची हौस, ती वेगळी.

आता मुद्द्याचं. तुझी तलावातली बोट तू इंजिनाचं हँडल धरून चालवलीस. हँडल डावीकडे लोटलं की बोट उजवीकडे, हे तुझ्या हातात मुरलेलं आहे. ते विसर. चाक जिकडे फिरवशील तिकडेच नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, जाईल. अन् हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारं, स्टीअरिंग असेल तर पाण्याचा जोर हाताला जवळजवळ कळतच नाही, चाक ठेवलं तिथं राहतं. नव्या माणसाला ते मेल्यासारखं वाटतं. चाक स्पंजासारखं मऊ लागलं, किंवा वळवल्यावर बोटीनं दखल घ्यायला वेळ लावला, तर तेलात हवा शिरली असं समज आणि हवा काढल्याशिवाय बोट धक्क्यावरून हलवू नको.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या बोटीला सुकाणू नाही. इंजिनाच्या पायाचा अन् पंख्याचा रोख बदलतो, पंखा पाणी त्या दिशेनं फेकतो, म्हणून बोट वळते. रेस आहे तोवर स्टीअरिंग आहे. रेस गेली की चाक तुझ्या हातात असूनही बोट जवळपास तुझी राहत नाही. तुझ्यासारखा धास्तावणारा माणूस जोरात वळणात घाबरला की पहिला हात थ्रॉटलवर, म्हणजे दोन्ही इंजिनांच्या रेस-गिअरच्या लिव्हरवर, जातो अन् त्या दोन्ही झटक्यात मागे ओढतो. तिथंच घात होतो. नाळ धपकन खाली बसते, पाण्यात रुतते, मागची बाजू फिरून पुढे येऊ पाहते, अन् बसलेली माणसं वळणाच्या बाहेरच्या बाजूला फेकली जातात. सरळ चालतानाही एकदम थांबशील तर स्वतःच केलेली लाट मागून येऊन इंजिनांवरून आत चढते. म्हणून रेस कमी करायची ती हळूहळू, अन् वळण पुरं होईपर्यंत थोडी ठेवायचीच. क्लास वन ऑफशोअर, म्हणजे समुद्रातल्या मोठ्या मोटरबोटींच्या, शर्यतींत चाकावर एक माणूस अन् थ्रॉटलवर दुसरा माणूस असतो, तो काही उगाच नाही. ते एका माणसाचं पूर्णवेळ काम आहे.

धक्क्याजवळ मात्र उलट. तिथं चाक मधोमध सोडून दे अन् दोन लिव्हरवर बोट चालव. चिखलात ट्रॅक्टर वळवताना आपण एका चाकाचा ब्रेक दाबतो न, तसंच. उजवं इंजिन पुढे, डावं रिव्हर्स, की नाळ डावीकडे फिरते. फक्त ट्रॅक्टर ब्रेक दाबला की थांबतो, बोट घसरत राहते. शिवाय पंख्याच्या पात्यांचा आकार पुढे जाण्यासाठी घडवलेला, म्हणून रिव्हर्सला जोर कमी. दोन्ही लिव्हर सारख्या ठेवल्यास तर बोट फिरता फिरता पुढे सरकते अन् धक्क्याला ठोकते. रिव्हर्सवाल्याला थोडी जास्त रेस दे. मोठ्या डिझेल बोटींत पंखे एकमेकांपासून लांब असतात, त्या जागच्या जागी गरकन फिरतात. तुझी ओबीएम, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेली इंजिनं, शेजारी शेजारी लावलेली, म्हणून ती सावकाश फिरेल. तेव्हा जोर करू नको, थांब. गिअर बदलताना मध्ये न्यूट्रलला क्षणभर श्वास घेऊ दे. वारा कोणीकडून येतो ते आधी पाहा. हे तुला डोंगा हाकताना कोणी शिकवलं नव्हतं, तरी येत होतं.

पंख्यांचं पाहून घे. मागून पाहिलं तर बहुधा उजवा घड्याळाच्या दिशेनं फिरतो अन् डावा उलट. प्रत्येक पंखा बोटीचा मागचा भाग थोडा बाजूला ढकलतो, उलटसुलट फिरल्यानं ते एकमेकांचं मिटवतात. म्हणून हे पंखे अदलाबदल करून चालत नाहीत. मिस्त्रीनं चुकून चढवलेच तर पुढचा गिअर टाकल्यावर बोट मागं जाईल, अन् सगळा धक्का हसेल.

दोन्ही इंजिनांचे आरपीएम सारखे आहेत की नाही हे मीटरपेक्षा कानाला लवकर कळतं. थोडा फरक असला की आवाज वँव-वँव करत चढतो, उतरतो. एक लिव्हर केसभर सरकव, वँव लांबत लांबत जातो अन् एकाएकी एकच सरळ घरघर उरते. मला अजून त्या क्षणाची मजा वाटते, बाप्पा.

ट्रिमबद्दल, म्हणजे इंजिन बोटीकडे आत किंवा बाहेर कलवण्याबद्दल, थोडक्यात. निघताना इंजिन आत ओढलेलं, बोट वेगात उचलून पाण्यावर आली की हळूहळू बाहेर. फार आत राहिलं तर नाळ खाली दबते अन् बोट नाळेवरच वळू लागते, सरळ धरता धरता हात दुखतात. फार बाहेर गेलं तर नाळ वरखाली डोलायला लागते. वळणाआधी थोडं आत घे. नाहीतर बोट वळणात आत कलते तेव्हा बाहेरच्या बाजूचं इंजिन वर येतं, पंखा पाण्याऐवजी हवा ओढतो, अन् आरपीएम किंचाळत वर जातो. बरेच लोक त्याला कॅव्हिटेशन, म्हणजे पात्यांवर पाण्याच्याच वाफेचे बुडबुडे होणं, म्हणतात. ते नाही, ती नुसती हवा आहे. ट्रिम आत, रेस थोडी कमी, पकड परत येते.

पूर्ण वेगात व्ही-बुडाची बोट शेवटच्या हातभर कण्यावर उभी असते. तेव्हा ती डावीउजवीकडे झुलायला लागते, एक झोका दुसऱ्याहून मोठा. प्रत्येक झोक्याला तू चाक फिरवून उत्तर देशील, अन् तुझं उत्तर नेमकं उशिरा पोचून झोका वाढवेल. स्टीअरिंगमध्ये ढिल्लेपणा असला तर आणखीच. चाक घट्ट स्थिर धर, ट्रिम आत घे, रेस सावकाश उतरव. मर्दानगी दाखवायची जागा ही नव्हे.

एक इंजिन बंद पडलं तर ते वर उचलून घे, नाहीतर ते पाण्यात ओढ देत राहतं. एकट्या इंजिनावर बोट बहुधा पाण्यावर येत नाही. पंखे दोघांच्या जोरावर निवडलेले असतात, जबरदस्तीनं पूर्ण रेस देशील तर चांगलं इंजिनही तापवशील. उजवं चालू असेल तर बोट डावीकडे ओढते, डावं वळण सोपं, उजवं अवघड. म्हणून धक्का डाव्या हाताला येईल असा ये. शेवटी चाक डावीकडे करून रिव्हर्स दिलास की मागची बाजू आपोआप धक्क्याला लागते.

आपल्या धरणात नागपूरच्या सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी पंख्याला गुंडाळते, तिकडं समुद्रात जाळी अन् प्लास्टिक गुंडाळेल. बोट एकाएकी एका बाजूला ओढायला लागली अन् थरथरली, तर आधी न्यूट्रल, मग इंजिन बंद, मग हात.

अन् ती लाल दोरी, चालकाच्या अंगाला अडकवायची, ओढली गेली की इंजिन बंद करणारी. माणूस पाण्यात पडला की चाक सोडलेली बोट गोल फिरून त्याच्याच अंगावर येते. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांखालच्या बोटींत ती लावणं सक्तीचं आहे. तुझ्या बोटीत एकच दोरी दोन्ही इंजिनं बंद करते का, पहिल्याच दिवशी धक्क्यावर बांधलेली असताना ओढून पाहा.

बोटीच्या मागच्या बाजूचा फोटो पाठव. दोन्ही इंजिनांना जोडणारा टायबार आहे का अन् इंजिनं समांतर आहेत का, ते मला बघायचं आहे. मालक पहिल्या दिवशी पाहुणे घेऊन आला तर सांग, आज नाही.

तुझा,
बाब्या