रक्त दिले, त्याविषयी

तीर्थरूप आई व बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी इथे इंग्लंडमध्ये रक्तदान केल्याचे दादाने तुम्हाला सांगितले, आणि तेव्हापासून प्रत्येक फोनवर आई माझ्या तब्येतीखेरीज दुसरे काही विचारत नाही. फोनवर मला नीट बोलता आले नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. मी उत्तम आहे. नोकरी, घर, थंडी सगळे तुम्हाला माहीत आहे तसेच चालू आहे.

आई, तू मला म्हणालीस, ‘मुळात तुझ्याच अंगात रक्त नाही, तर तू दुसऱ्याला काय देणार!’ तसे असते तर त्यांनी ते घेतलेच नसते, आणि पहिल्या वेळी खरोखरच घेतले नाही. ही गोष्ट मी तुमच्यापासून लपवली होती. त्या दिवशी बोटाला टोचून काढलेला थेंब त्यांनी निळ्या द्रावणाच्या नळीत सोडला. हिमोग्लोबिन पुरेसे असेल तर थेंब जड असतो आणि सरळ तळाला जातो. माझा थेंब थोडा खाली गेला, अडखळला आणि तिथेच तरंगत राहिला. मग शिरेतून नमुना घेऊन यंत्रावर पाहिले, तर आकडा ११८ आला. इथे स्त्रियांना १२५ लागतो, म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने साडेबारा, आणि पुरुषांना १३५. त्यांनी मला परत पाठवले. डॉक्टरांना दाखवून मी काही महिने लोहाच्या गोळ्या नियमाने घेतल्या, आणि दुसऱ्या वेळी तो थेंब नळीच्या तळाशी जाऊन टेकला तेव्हा मला परीक्षेत उत्तीर्ण झाल्यासारखे वाटले. म्हणजे आई, रक्त देण्याच्या निमित्तानेच माझ्या अंगातले रक्त वाढले, हे कृपा करून लक्षात घे.

वजनाचे म्हणशील तर इथे किमान ५० किलो लागते आणि माझे ५४ आहे. एका वेळी ४७० मिलिलिटर रक्त घेतात. त्यातला पाण्याचा अंश एक-दोन दिवसांत भरून येतो, तांबड्या पेशींना काही आठवडे लागतात आणि लोह भरून यायला त्याहून अधिक काळ जातो. म्हणूनच स्त्रियांना १६ आठवड्यांच्या आत पुन्हा घेत नाहीत, पुरुषांना १२. सुई दहा मिनिटेसुद्धा हातात नव्हती. आधी अर्धा लिटर पाणी समोर बसवून प्यायला लावतात आणि नंतर लगेच उठू देत नाहीत. मला चक्कर आली नाही. आली असती तर मी सांगितले असते.

एका गोष्टीचे मात्र मला फार नवल वाटले. इथे रक्त देणाऱ्याचे नाव कोणीही स्वतःहून उच्चारत नाही. दारात एकीने विचारले, तुमचे पूर्ण नाव, जन्मतारीख आणि पत्ता सांगा. मी सांगितले. प्रश्नावली तपासणाऱ्या नर्सबाईंनी तेच विचारले. खुर्चीवर आडवी झाल्यावर, दंडाला पट्टा बांधलेला असताना, तिसऱ्या माणसाने तेच विचारले, आणि कागद त्याच्या हातातच होता! मला वाटले, माझ्या उच्चारांमुळे त्यांना शंका येत असावी. पण शेजारच्या खुर्चीवरच्या आजोबांनी छातीवर हात ठेवून, शाळेत हजेरी द्यावी तसे सगळे पुन्हा सांगितले, आणि ते कित्येक वर्षे रक्त देत असावेत. शेवटी मी त्या नर्सबाईंनाच कारण विचारले. त्या म्हणाल्या, ‘तुम्ही अमुक का’ असे विचारले की घाबरलेला किंवा नीट ऐकू न येणारा माणूस सहज ‘हो’ म्हणून जातो. त्याने आपल्या तोंडाने नाव सांगितले तर चूक होत नाही. पिशवीवर चुकीच्या माणसाची चिठ्ठी लागली, तर पुढे ती ज्याला चढवतील त्याच्या जिवावर बेतू शकते. हे ऐकल्यावर त्यांनी चौथ्यांदा विचारले असते तरी मी आनंदाने सांगितले असते.

बाबा, माझ्या रक्ताची मलेरियासाठी वेगळी तपासणी झाली हे ऐकून ‘आपण काय मलेरियाचे रोगी आहोत का’ असे तुम्ही रागाने म्हणालात, त्याचे मला वाईट वाटले, पण नियम अपमान करण्यासाठी नाही. मलेरिया असलेल्या भागात जो सलग सहा महिने राहिला आहे, त्याच्या रक्तात काही लक्षणे नसतानाही ते जंतू वर्षानुवर्षे राहू शकतात. म्हणून तिथून आल्यावर निदान चार महिने थांबून रक्ताची वेगळी तपासणी करतात. माझी स्वच्छ आली. हा नियम इथल्या माणसालाही आहे. तो आपल्याकडे पंधरा दिवस फिरून आला तरी त्यालाही चार महिने थांबावे लागते.

काही दिवसांनी फोनवर संदेश आला की तुमचे रक्त अमुक रुग्णालयात पोहोचले. मी कार्यालयात होते. जिन्यात जाऊन बसले आणि तो संदेश पुन्हा पुन्हा वाचला. बाबा, तुमच्या बायपासच्या वेळी तिथल्या रुग्णालयाने बदली रक्तदाते आणायला सांगितले, तेव्हा दादा आणि त्याचे मित्र रात्रभर धावपळ करत होते, आणि माझा पासपोर्ट व्हिसाच्या अर्जात अडकलेला होता. माझाही गट तुमचाच, बी पॉझिटिव्ह. कपाटातल्या पितळी डब्यात तुमची रक्तदानाची कार्डे रबराने बांधून ठेवलेली आहेत. इतक्या लोकांना तुम्ही दिलेत, आणि तुम्हाला लागले तेव्हा मी फक्त फोन करत होते. बी गट आपल्याकडे सर्रास असतो, इथे शंभरात दहाजणांचा. मी इथे रक्त द्यायला गेले त्याचे खरे कारण हे आहे, आणि ते मला फोनवर सांगता येत नव्हते.

शस्त्रक्रियेसाठी काढलेल्या कर्जाचे पुढचे दोन हप्ते मी कालच पाठवले आहेत. दादाने लग्नाच्या खर्चात त्याची काळजी करू नये. रजा मंजूर झाली आहे, मात्र दहाच दिवसांची. जास्त मागण्याचे धाडस झाले नाही, आई, त्याबद्दल रागावू नकोस. माझ्या स्थळाविषयी आल्यावर शांतपणे बोलू. मी टाळत नाही.

लग्नाच्या दिवशी रक्तदान शिबिर ठेवण्याची दादाची कल्पना मला मनापासून आवडली. परंतु त्या दिवशी माझ्या रक्तदानाला जेमतेम तीन महिने झालेले असतील, आणि आपल्याकडे स्त्रियांना चार महिन्यांचे अंतर ठेवावे लागते. परत आल्यावर इथेही चार महिने आणि पुन्हा ती तपासणी आहेच. तेव्हा देणाऱ्यांच्या यादीत माझे नाव घालू नका. नावनोंदणीच्या टेबलावर मला बसवा. प्रत्येकाला त्याचे नाव मी त्याच्याच तोंडून विचारीन.

तुमची,
वैदेही