रूम रेंटचा रकाना आधी बघ

नाशिक

चि. ऋतुजा,
अनेक आशीर्वाद.

ऑफिसने पाच लाखांचा मेडिक्लेम दिलाय, मग वेगळी पॉलिसी कशाला, असं तू परवा फोनवर विचारलंस. फोनवर हे सगळं सांगून होत नाही, म्हणून लिहितोय.

आत्याच्या पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन मुंबई नाक्याजवळच्या एका हॉस्पिटलात झालं, तेव्हा टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, काउंटरवर मीच बसलो होतो. तिची पॉलिसी जुनी, पाच लाखांची, हप्ता कधी चुकलेला नाही. पण खोलीचं भाडं विमा रकमेच्या एक टक्क्यापर्यंतच, म्हणजे दिवसाला 5,000 रुपये. मिळाली ती खोली 8,000 ची. वरचे तीन हजार आपण भरू, असं सगळ्यांनी धरलं. डिस्चार्जच्या वेळी कळलं की खोली महाग घेतली की बाकीचं बिलही त्याच प्रमाणात कापतात. सर्जन, भूल, ऑपरेशन थिएटर आणि नर्सिंग मिळून 80,000 झाले होते, मंजूर झाले 50,000. औषधं, तपासण्या यांना ही कात्री लागली नाही. तरी 30,000 आणि खोलीच्या भाड्यातला फरक आत्याने भरला. तिचा चेहरा आठवला की अजून वाईट वाटतं. कंपनीने फसवलं असं नाही, अट पॉलिसीत छापलेली होती. म्हणून तुला सांगतो, पाच लाख, दहा लाख या आकड्याआधी रूम रेंटचा रकाना बघ. खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी थोडी महाग पडली तरी तीच घे.

ऑफिसचा विमा चांगलाच आहे, पण नोकरी सुटली की तोही सुटतो. स्वतःची पॉलिसी आजच घ्यायची ती वेटिंग पिरियडसाठी, म्हणजे क्लेम मिळायला लागण्याआधीचा थांबण्याचा काळ लवकर संपावा म्हणून. अपघात सोडला तर पहिले 30 दिवस काही मिळत नाही, आणि आधीपासूनच्या आजाराला कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबवू शकते. ही वर्षं तब्येत धडधाकट असताना सरलेली बरी. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटीही गेलाय.

फॉर्ममध्ये थायरॉईडची गोळी लिहायची म्हणजे लिहायचीच. एजंट म्हणेल, राहू दे मॅडम, हप्ता वाढेल. ऐकू नकोस. लपवलेला आजार नेमका क्लेमच्या वेळी वर येतो. सलग पाच वर्षं पॉलिसी चालली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय त्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, पण तोवरची पाच वर्षं टांगती तलवार कशाला? पॉलिसी हातात आल्यावर 30 दिवसांत परत करता येते, तेवढ्यात शांतपणे वाच.

कॅशलेसचंही, म्हणजे कंपनी हॉस्पिटलचं बिल परस्पर भरते त्याचंही, लक्षात ठेव. 2024 च्या नियमाप्रमाणे हॉस्पिटलचा अर्ज आल्यावर तासाभरात कंपनीने उत्तर द्यायचं आणि डिस्चार्जच्या बिलाला तीन तासांत मंजुरी. उशीर झाला आणि हॉस्पिटलने त्याचे जादा पैसे लावले, तर ते कंपनीने भरायचे. काउंटरवर हे ठामपणे बोलायचं.

आजीची काळजी करू नकोस. सत्तरीपुढच्यांना उत्पन्न न बघता सरकारच्या आयुष्मान भारत योजनेचं पाच लाखांचं संरक्षण आहे, तिचं कार्ड आधारवरून काढून घेतलंय.

रविवारी फोन करशील तेव्हा ऑफिसच्या पॉलिसीची पीडीएफ उघडून बस. आई-बाबांना त्यात घेता येतं का, तेही एचआरला विचारून ठेव.

तुझे,
बाबा