टीव्ही मेकॅनिकच्या माळ्यावरचं सामान भंगारात देण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळीची साफसफाई सुरू झालीय, घरोघरी माळे रिकामे होतायत आणि भंगारवाल्याची गाडी आमच्या सिडकोत सकाळपासून फिरतेय, म्हणून हे पत्र आजच लिहायला बसलो, पुढच्या आठवड्यात लिहिलं तर उशीर होईल.

गेल्या महिन्यात मी पंचवटीत एका टीव्ही मेकॅनिक काकांच्या घरी गेलो होतो. काका उन्हाळ्यात गेले हे मला माहीतच नव्हतं. त्यांच्या मुलाने चहा दिला, बसवलं, आणि काकांच्या सामानाचं विचारलं तर म्हणाला, ते सगळं दिलं किलोवर, दोन गाड्या भरल्या. त्याला मी दोष देत नाही. तीस-चाळीस वर्षांचा तो पसारा त्याला पसाराच दिसणार, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पण मला घरी येईपर्यंत काही सुचेना, कारण त्या माळ्यावर काय होतं ते मी पाहिलेलं होतं.

माझ्याकडे एक जुनी व्हिडिओ गेमची मशीन आहे. घरातली टीव्हीला जोडायची नाही, पार्लरमधली, उभी, लाकडी पेटीची, कॉइन टाकायची. 1995 च्या सुमारास मी आठवी-नववीत असताना शालिमारजवळच्या एका बोळात पार्लर होतं, तिथे एक रुपयाला एक कॉइन मिळायचं आणि आम्ही सगळे एकच गेम खेळायचो, मुस्तफा. त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, जपानच्या कॅपकॉम कंपनीने 1993 मध्ये काढलेला, पण नाशिकमध्ये काय आणि जळगावात काय, पिवळ्या टोपीवाल्या मुस्तफाच्या नावानेच तो सगळ्यांना माहीत. पार्लर बंद झाली आणि मशिनी गोडाऊनमध्ये गेल्या. 2016 साली त्यातली एक मला साडेतीन हजारात मिळाली, बंद अवस्थेत, आत उंदरांनी वायरी कुरतडलेल्या. मी अंबडच्या एका कंपनीत मेंटेनन्सला आहे, त्यामुळे वाटलं होतं की दोन रविवारांत चालू करीन. चार वर्षं लागली!

आधी हे सांगतो की टीव्ही मेकॅनिकचा आणि गेमच्या मशिनीचा संबंध काय, कारण लोक मला हेच विचारतात. गेमचा बोर्ड, म्हणजे ज्या सर्किटच्या पाटीवर गेम असतो ती, जे चित्र बाहेर टाकतो त्याची आडवी फ्रीक्वेन्सी (सेकंदाला किती आडव्या रेषा काढल्या जातात ती) साधारण 15.7 किलोहर्ट्झ असते, आणि आपल्या जुन्या डब्बा टीव्हीची 15.625. म्हणजे जवळजवळ तीच. म्हणून आपल्याकडच्या बऱ्याच पेट्यांमध्ये सरळ टीव्हीची पिक्चर ट्यूब बसवलेली असायची, माझ्या पेटीत 21 इंची आहे. कॉम्प्युटरचा साधा मॉनिटर 31 किलोहर्ट्झच्या खाली सहसा चित्रच दाखवत नाही. त्यामुळे मशीन जिवंत ठेवायची तर तिचं सामान टीव्हीवाल्याकडेच सापडणार, आणि टीव्हीवाला तर दुकान बंद करून बसलाय.

माझ्या मशिनीची एलओटी, म्हणजे लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर, गेली होती. ज्यांच्या घरी डब्बा टीव्ही रिपेअर झालाय त्यांनी हा शब्द ऐकला असेल, मागच्या बाजूला काळा ठोकळा असतो आणि त्यातून एक जाड लाल वायर ट्यूबच्या डोक्यावर रबरी टोपीत जाते, तो. त्यातून वीस-पंचवीस हजार व्होल्ट निघतात. खराब व्हायला लागली की टिक टिक आवाज येतो, अंधारात निळसर ठिणगी दिसते आणि एक उग्र वास सुटतो. मी महात्मा गांधी रोडला विचारलं, रविवार कारंज्याला विचारलं, सगळीकडे एकच उत्तर, साहेब आता ते येत नाही. मग पहाटे उठून नाशिकरोडहून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला लॅमिंग्टन रोड, असं तीनदा. तिथे एकाने दिली एक, दिसायला अगदी तशीच, घरी आणून बसवली आणि लाइन आउटपुट ट्रान्झिस्टर दोन सेकंदात शॉर्ट. पिना वेगळ्या होत्या. एलओटी दिसायला सारखी असली तरी कोणत्या पिनेवर काय येतं हे नंबरागणिक बदलतं, आणि तो नंबर जुळला नाही तर बाकी सगळं जुळून उपयोग नाही.

काकांकडे मला आमच्या कंपनीतल्या एका इलेक्ट्रिशियनने पाठवलं. काकांनी मशिनीचा फोटो बघितला आणि पहिला प्रश्न विचारला, चेसिस हॉट आहे का? म्हणजे काही जुन्या टीव्हीच्या चेसिसला (आतल्या मुख्य सर्किटला) घरातली लाइन थेट आलेली असते, तिच्यावर गेमचा बोर्ड जोडला तर बोर्डही जातो आणि हात लावणाराही जाऊ शकतो, मध्ये दोन्ही वेगळं ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लागतो. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. मग दुसरं सांगितलं की प्लग काढला तरी ट्यूबमध्ये चार्ज राहतो, आधी स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधून ती ट्यूबच्या बाहेरच्या अर्थच्या जाळीला लावायची आणि मग टोक रबरी टोपीखाली घालून डिस्चार्ज करायचं, एक हात खिशात ठेवून. हे वाचून कोणी एकट्याने करून बघू नका, माहीतगार माणूस शेजारी उभा पाहिजे.

आणि मग ते माळ्यावर चढले. बुटांची खोकी होती, पन्नास-साठ तरी असतील, प्रत्येकावर मार्करने लिहिलेलं. एलओटी, योक (ट्यूबच्या मानेवरचं तांब्याच्या तारेचं वेटोळं), ट्यूबचे बेस, बीयू 508 ट्रान्झिस्टर, कंडेन्सर. चालू टीव्हीतून काढलेल्या प्रत्येक भागावर त्यांनी 'चालू' असं लिहून तारीख टाकलेली होती. आणि एक दोनशे पानी वही. त्यात त्यांनी हाताने प्रत्येक एलओटीच्या पिनांची आकृती काढलेली, कोणत्या मॉडेलला कोणती चालते, कुठली पिन तोडून कुठे जम्पर, म्हणजे जोडवायर, मारला तर दुसऱ्या कंपनीची चालते, असं सगळं, वर्षानुवर्षांचं. त्या वहीतून बघून त्यांनी मला एक एलओटी दिली, दीडशे रुपये घेतले, एक जम्पर मारायला सांगितला, आणि त्या रात्री माझ्या मशिनीवर पहिल्यांदा चित्र आलं. आडवं-तिडवं होतं, पण आलं. मी बायकोला झोपेतून उठवून दाखवलं.

ती वही रद्दीत गेली.

पुढचीही अडचण सांगतो, म्हणजे हे काम कशा प्रकारचं आहे ते कळेल. चित्र आलं पण तिसऱ्या स्टेजला मशीन आपोआप रिस्टार्ट व्हायची. मी सप्लाय बदलला, रॅम बदलली, काही फरक नाही. गेमचा बोर्ड पेटीला जोडायला 56 पिनांचा एज कनेक्टर असतो, एका बाजूला 28 आणि दुसऱ्या बाजूला 28, जपानी कंपन्यांनी 1985 च्या सुमारास हे ठरवून घेतलं, त्याला जामा म्हणतात, आणि त्यामुळेच पार्लरवाला रात्रीत बोर्ड बदलून सकाळी नवीन गेम लावू शकायचा. तर त्या कनेक्टरची पाच व्होल्टची पिन जळून काळी पडली होती. सप्लायवर मोजलं की 5.0 यायचे आणि बोर्डवर आयसीच्या पायाशी मोजलं की 4.6, आणि त्या आयसींना किमान 4.75 लागतात. नवा कनेक्टर टाकला, बोर्डची बोटं (कडेच्या धातूच्या पट्ट्या) खोडरबरने घासून स्पिरिटने पुसली, रिस्टार्ट बंद. काकांनी हेच सांगितलं होतं, व्होल्टेज जिथे लागतं तिथे मोजायचं, जिथून निघतं तिथे नाही, पण मी सप्लायवरच मोजत बसलो होतो.

नंतर मुस्तफाचं डोकं एका जागी आणि पाय दुसऱ्या जागी दिसायला लागले. एक ईप्रॉम विसरली होती. ईप्रॉम म्हणजे ज्या आयसीत गेम भरलेला असतो, तिच्यावर काचेची छोटी खिडकी असते आणि त्यावरचा स्टिकर पडला की वर्षानुवर्षं उजेड लागून आतली माहिती पुसट होत जाते. पुन्हा भरायची तर आधी अल्ट्राव्हायोलेट लाइटखाली पूर्ण पुसावी लागते. तसा दिवा कुठे मिळेना, मग लक्षात आलं की पाण्याच्या फिल्टरमध्ये जी यूव्ही ट्यूब असते ती 254 नॅनोमीटरचीच, तेच पाहिजे होतं. बंद डब्यात वीस मिनिटं ठेवली आणि झालं (डब्याचं झाकण उघडं ठेवून बघायचं नाही, डोळे जातात). बटणांचे मायक्रोस्विच तर मायक्रोवेव्हच्या दारात असतात त्याच मापाचे निघाले. म्हणजे सामान आपल्या आजूबाजूला असतंच, फक्त कशात काय आहे हे सांगणारा माणूस पाहिजे.

लोक म्हणतात एवढं कशाला, चायनाचा बोर्ड घे, एकात साठ गेम येतात, एलसीडी लाव, पाच हजारात काम होतं. होतं, आणि ज्याला फक्त खेळायचंय त्याने तेच करावं, त्यात वाईट काही नाही. पण ट्यूबवर ते चित्र जसं दिसतं, रेषांमधला तो अंधार आणि रंगांची ती चमक, ते एलसीडीवर येत नाही. आणि दुसरं म्हणजे मूळ वस्तू एकदा गेली की गेलीच. कॅपकॉमच्या 1993 नंतरच्या सीपीएस-2 बोर्डांवर एक लिथियमची बॅटरी असते, ती संपली की बोर्डातली किल्ली, म्हणजे गेम उलगडायचा गुप्त कोड, पुसली जाते आणि चांगला बोर्ड मरतो. हौशी लोकांनी कित्येक वर्षं डोकं लावून 2016 मध्ये ती किल्ली परत भरायची रीत शोधली, पण ज्यांनी त्याआधीच बोर्ड फेकून दिले त्यांना तिचा काय उपयोग? झेड-80 हा प्रोसेसर 1976 पासून बनत होता, कितीतरी गेमच्या बोर्डांवर तो आहे, त्याचा मूळ प्रकारही कंपनीने 2024 मध्ये बंद करायचं जाहीर केलं. दरवर्षी काहीतरी बंद होतंय, म्हणून जे आधीच बनून माळ्यावर पडलंय त्याची किंमत वाढतेय, आणि नेमकं तेच आपण किलोवर देतोय.

काकांच्या मुलाकडून पत्ता घेऊन मी त्या भंगाराच्या गोडाऊनला गेलो. योक फोडून तांबं काढून झालं होतं, ट्यूबा फोडलेल्या, काचेचा ढीग उघड्यावर पडलेला. त्या काचेत शिसं असतं, तिथे काम करणारी मुलं चपला घालून त्यावरून चालत होती. ई-कचऱ्याचे नवे नियम 2023 च्या एप्रिलपासून लागू आहेत हे मी वाचलंय, ते पाळले जावेत हे तर आहेच, पण माझं म्हणणं त्याच्याही आधीचं आहे, वस्तू कचऱ्यात जायच्या आधीचं. वही शोधली दोन तास. मिळाली नाही. एका बिस्किटाच्या डब्यात काकांच्या अक्षरातल्या चिठ्ठ्यांसकट चौदा ट्रान्झिस्टर आणि दोन एलओटी मिळाल्या, त्या वजनावर घेऊन आलो.

म्हणून माझी विनंती आहे. नाशिकमध्ये, नाशिकरोडला, देवळालीला असे अजून कितीतरी काका असतील, काहींची दुकानं बंद होऊन दहा-पंधरा वर्षं झाली असतील आणि खोकी तशीच असतील. ज्यांच्या घरात वडिलांचं, आजोबांचं असं सामान आहे त्यांनी ते देण्याआधी कोणाला तरी दाखवा. वही, डायरी, सर्किटचे कागद असतील तर निदान मोबाइलवर पानापानाचे फोटो काढून ठेवा, अर्धा तास लागेल. आणि काका अजून असतील तर त्यांच्याजवळ बसून विचारा की कोणत्या खोक्यात काय आहे. सातपूरच्या आयटीआयच्या मुलांनी असं एखादं खोकं घेऊन त्यातला एकेक भाग तपासला तरी त्यांना पुस्तकात न मिळणारं बरंच काही मिळेल, शिक्षकांनी मनावर घ्यावं.

कोणाला दाखवायचं हा प्रश्न असेल तर आपल्या कार्यालयात माझा पत्ता देऊन ठेवतोय, तिथे निरोप ठेवला तरी मला मिळेल. मला सगळं फुकट नको, योग्य ते पैसे देईन, आणि जे माझ्या कामाचं नाही पण चालू आहे ते कोणाच्या कामाचं आहे हेही सांगेन. मला रविवारी सुट्टी असते, टॉर्च आणि मल्टिमीटर घेऊन येतो, माळ्यावर मीच चढेन.

आपला,
एक वाचक, सिडको, नाशिक